माझे खरे वजन पाच किलो नऊशे

मित्रांनो, मला जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका. मी एक बाबागाडी आहे. माझ्या छताचा रंग उन्हाने उडाला आहे, एक चाक वळताना किरकिरते, आणि माझ्या सीटखाली ताडपत्रीची एक हिरवी झोळी आहे. ही झोळी मला कारखान्यात मिळालेली नाही. ती कशी आली हे सांगायचे तर मला थोडी सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल. मला काही घाई नाही, आणि तुम्हीही बसलाच आहात.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली झाला. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या कापल्या, वाकवल्या, त्यांना भोके पाडली, की झाली माझी हाडे. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. त्यांचे काम एकच, प्रत्येक गाडी दहा वेळा उघडायची आणि दहा वेळा मिटायची. माझी पाळी आली तेव्हा सातव्या वेळेला माझी डावी बिजागरी अडली. बाईंनी तेलाचा थेंब सोडला, पुन्हा दहा वेळा उघडमीट केली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिला नमुन्यात टाक. दिवसातून पन्नासदा लोकांनी उघडली की आपोआप वळणावर येईल."

अशी मी दुकानात नमुन्याची गाडी झाले. विकायच्या गाड्या मागे खोक्यांत आरामात झोपलेल्या, आणि मी पुढे उभी. येणारा प्रत्येक जण मला ओढायचा, दाबायचा, मिटायचा. बाळांचे बाबा माझ्या चाकाला हळूच लाथ मारून बघत, जणू ट्रकच विकत घ्यायचा आहे. आज्या सीटमध्ये मूठ रुतवत. एका गृहस्थांनी तर स्वतःची ऑफिसची बॅग माझ्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि दुकानाला दोन चकरा मारल्या. नंतर ते काही न घेता गेले, पण बॅगेला मजा आली असावी.

माझ्या समोरच एक भलीमोठी गाडी उभी असे. हवा भरलेली जाड चाके, आत मऊ गादी, कडेला चार खिसे, आणि चहाचा पेला ठेवायलासुद्धा जागा. गिऱ्हाईक आत आले की आधी तिच्याकडे जाई. तेव्हा मी नाक मुरडत असे. गाडीला नाक नसते हे मला ठाऊक आहे, पण मनातून मुरडायला नाक लागत नाही.

एके दिवशी सकाळी तीन माणसे आली. तीन म्हणजे अडीच म्हणा ना. एक आई, एक बाबा आणि आईच्या खांद्यावर झोपलेली तीन महिन्यांची मुलगी. मुलगी जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती, म्हणून आई तिला गुंजी म्हणे. गुंजेचे बी किती छोटे असते ते तुम्ही पाहिले असेलच. पूर्वी सोनार सोने तोलायला ते वापरत. हे नाव त्या आईलाच सुचू शकले असते, कारण तिचे सारे आयुष्य वजनकाट्यांत गेले होते. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात ती काम करत होती. दुकानोदुकानी जायचे, काटा खरे वजन दाखवतो की नाही ते तपासायचे, बिघडला असेल तर तिथल्या तिथे ठीक करायचा. बाजारातले दुकानदार तिला काटेवाल्या बाई म्हणत. मी मात्र तिला आईच म्हणणार, कारण मी तिला त्याच नात्याने ओळखते.

आईने दुकानदाराला सांगितले, "हलकी गाडी हवी. आमचा चौथा मजला आहे, आणि लिफ्ट नाही."

"ही घ्या ना. हलकीफुलकी. पाच किलो चारशे फक्त," दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

आईने पर्समधून हुकाचा एक स्प्रिंगचा काटा काढला, माझ्या हँडलला अडकवला आणि मला सरळ हवेत उचलले. दुकानात आजवर मला कोणी असे तोलले नव्हते. मला फार लाज वाटली.

"पाच किलो नऊशे," आई म्हणाली.

दुकानदाराचा चेहरा पडला. "छत धरलेलं नसेल हो त्यात. कंपनीवाले छताशिवाय लिहितात."

"मग मुलीला उन्हात न्यायची का?"

"मग बाकीच्याही तुम्हीच तोलून बघा," दुकानदार म्हणाला, आणि त्याने हात टेकले.

मग आईने दुकानातल्या सातही गाड्या तोलल्या. बाबा एका कागदावर आकडे लिहीत होते. बाबांचे काम ताडपत्री शिवण्याचे. ट्रकवर टाकायच्या, गोदामावर ताणायच्या मोठमोठ्या ताडपत्र्या ते शिवत. माणूस कमी बोलणारा, पण हात सारखे काहीतरी चाचपत असणारे. त्यांनी माझ्या सीटची शिवण नखाने उसवून बघितली, आणि उसवली नाही तेव्हा मान डोलावली. भलीमोठी गाडी तोलायची वेळ आली तेव्हा काटाच पुरेना. आईने ती दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली आणि म्हणाली, "ही घ्यायची तर आपल्याला तळमजल्यावर राहायला जावं लागेल."

खरे तर गाडी निवडायला त्यांना एवढा वेळ का लागत होता, ते मला त्यांच्या बोलण्यातून कळत गेले. आईची रजा संपत आली होती. घरात गुंजीला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते, आणि बाबांच्या कामाच्या ठिकाणी जाड सुया आणि घरघरणारी यंत्रे. बाजारातल्या त्रेचाळीस दुकानांची फेरी नऊ वर्षे आईची होती, आणि ती फेरी तिला फार प्रिय होती. ती तिच्या कारखान्याच्या मुख्य कारागिराकडे गेली. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ती म्हणाली, "मी मुलीला घेऊन फेरी करीन." मास्तर आधी नाहीच म्हणाले. "तपासणीची वजनं सांभाळायची की मूल? दोन्हीला पूर्ण लक्ष लागतं." शेवटी महिनाभर बघू, एवढेच कबूल केले. महिन्यात त्रेचाळीस दुकाने चोख झाली तर फेरी तिची. नाहीतर फेरी दुसऱ्याला.

म्हणून तिला अशी गाडी हवी होती, जी चार मजले एका हाताने उचलता येईल, कारण दुसऱ्या हातात गुंजी. दुकानांच्या चिंचोळ्या वाटेतून जाईल. बसमध्ये चढताना चटकन मिटेल. दुपारी गुंजी झोपली की सीट सपाट होईल. आणि गुंजी मोठी झाली की तीच सीट उभी होईल. हे सगळे मला येत होते. दुकानात नमुना म्हणून हजार वेळा उघडमीट झाल्याने माझी बिजागरीही लोण्यासारखी चालत होती. आईने मला एका हाताने मिटले, बगलेत धरले आणि दुकानातल्या माळ्याच्या जिन्यावर चढून उतरून आली.

"मला हीच द्या. खोक्यातली नको," ती म्हणाली. "हिचं वजन मी बघितलंय."

तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. भलीमोठी गाडी तशीच उभी राहिली. खरे सांगते, निघताना मला तिची थोडी दया आली, पण फार नाही.

पहिले दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत धावपळीचे होते. सकाळी चार मजले उतरायचे, कारखान्यातून तपासणीची वजने घ्यायची आणि बाजारात शिरायचे. ही वजने पितळेची असतात. पाच किलोचे एक, दोन किलोची दोन, एक किलोचे एक आणि बाकीची बारकी. एका जाड पिशवीत ती सगळी. पूर्वी आई ती पिशवी खांद्याला लावत असे, पण आता खांद्यावर गुंजीची झबली, दुपटी आणि दुधाची बाटली आली होती. माझ्या सीटखाली एक जाळीची टोपली होती खरी, पण ती इतकी नाजूक की दोन किलो टाकले तरी जमिनीला टेके.

मग आईने एक युक्ती केली. तिने वजनांची पिशवी माझ्या हँडलला मागे अडकवली. पुढे सीटवर गुंजी, मागे पितळ. हँडल हळूच दाबून बघितले, सोडले, पुन्हा दाबले. मी डगमगले नाही. आई एवढी खूश झाली की तिने बाबांना खिडकीतून हाक मारली, "अहो, बघा तरी! दोन पारडी बरोबर तोलली गेलीत!"

बाबा वरून म्हणाले, "पट्टा घट्ट बांध." त्यांना बोलण्याची हौस नव्हतीच.

त्या दोन आठवड्यांत तीस दुकाने झाली. आई काम करताना मी शेजारी उभी राहून बघत असे. काट्यावर वजन आधी मधोमध ठेवायचे, मग एकेक करून चारही कोपऱ्यांत. काटा खरा असेल तर वजन कुठेही ठेवा, आकडा तोच आला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात आकडा बदलला की आईच्या कपाळाला आठी पडे आणि तिचा छोटा पेचकस बाहेर येई. गुंजी सीटवर आडवी पडून छताची झालर बघत असे. फळवाले, डाळवाले, साबणवाले सगळे तिला काहीबाही दाखवून हसवत. मला वाटले, झाले, महिना सुखाने निघणार.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी आम्ही खिळेवाल्या काकांच्या दुकानात गेलो. हे काका खिळे, मोळे, कड्या, कोयंडे सगळे वजनावर विकत. आईचे काम आटोपले, वजने पिशवीत गेली, पिशवी हँडलला लागली. तेवढ्यात गुंजी कुरकुरली. आईने पट्टा सोडला आणि तिला उचलून छातीशी घेतले.

आणि मी मागच्या मागे कोसळले.

एका क्षणात माझी चारही चाके छताकडे. पिशवीचे तोंड उघडले आणि पितळ फरशीवर खणखणत सुटले. पाच किलोचे वजन खिळ्यांच्या डब्यावर जाऊन आदळले आणि दुकानभर खिळेच खिळे झाले.

"अहो बाई, बाळ!" काका ओरडले.

"बाळ माझ्याकडे आहे," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गुंजीला काहीच झाले नव्हते. उलट एवढा सुंदर आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखी ती डोळे मोठे करून बघत होती.

तुमच्या लक्षात आले ना, मित्रांनो, काय चुकले ते? काट्याच्या एका पारड्यातला माल उचलला की दुसरे पारडे खाली जाते. हे आईला जेवढे ठाऊक होते तेवढे त्या अख्ख्या बाजारात कोणाला ठाऊक नव्हते. आणि नेमके तिनेच मला काटा बनवून एका पारड्यात आपली मुलगी ठेवली होती.

काकांनी आईला स्टूल दिले, पाणी दिले आणि स्वतः खिळे गोळा करायला बसले. आईने एकेक वजन उचलून उजेडात फिरवून बघितले. दोन किलोच्या एका वजनाच्या कडेला टवका उडाला होता. तांदळाच्या दाण्याएवढा असेल.

"एवढ्याशानं काय होतंय?" काका म्हणाले. "कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसला ना," आई म्हणाली. तिने ते वजन रुमालात वेगळे गुंडाळले, मला उभे केले आणि आम्ही थेट कारखान्यात गेलो. वाटेत माझे पुढचे चाक डावीकडे ओढत होते. पडताना त्याचा आस जरासा वाकला होता. मी कुरकुर केली नाही. ती वेळ माझी नव्हती.

मास्तरांनी ते वजन काचेच्या पेटीतल्या बारीक तराजूत ठेवले. दोनदा उलटसुलट तोलून बघितले.

"ग्रॅमाहूनही कमी फरक आहे," ते शेवटी म्हणाले.

"पण आहे," आई म्हणाली.

"आहे. कमी म्हणजे कमीच." त्यांनी टवका उडालेले वजन बाजूला ठेवले आणि कपाटातून दुसरे काढून दिले. "तुम्ही आणून दाखवलंत हे चांगलं केलंत. पण वजन पडलं ते पडलंच. आज वजन पडलं, उद्या..." ते गुंजीकडे बघून थांबले. "शनिवारी मी स्वतः येतो फेरीला. मला पटलं तर ठीक. नाही पटलं तर सोमवारपासून फेरी दुसरा कोणी करील."

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. आई मला दाराशी उभी करून माझ्याकडे बघत बसली. ती मला दोष देत होती की स्वतःला, ते मला कळेना. मला रडता येत असते तर मी रडले असते.

बाबा म्हणाले, "दुकानदार महिन्याच्या आत बदलून देतो म्हणाला होता. जड तर जड, ती मोठी घेऊ. निदान पडणार तरी नाही."

"आणि चार मजले?"

"मी उतरवून देत जाईन सकाळी."

"आणि दुपारी कोण चढवील? बसमध्ये कोण चढवील?" आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती निघाली. गुंजी तिच्या कडेवर, वजनांची पिशवी बाबांच्या खांद्यावर, कारण मोठ्या गाडीत ती कुठे मावते ते बघायचे होते. मी बाबांच्या बगलेत मिटलेली. वाकड्या चाकाची, परत आलेली, नमुन्याची गाडी. मला पुन्हा कोण घेणार होते?

दुकानात बाबांनी मला उघडून ठेवले. आईने गुंजीला माझ्यात बसवले आणि ती भलीमोठी गाडी ढकलून बघायला गेली. बाबांचा खांदा अवघडला होता. त्यांनी पिशवी उतरवली आणि सहज माझ्या सीटखाली, चारही चाकांना जोडणाऱ्या नळ्यांवर आडवी ठेवली. तेवढ्यात गुंजीचा एक मोजा पडला. आईने परत येऊन तिला उचलले, मोजा चढवला, आणि एकदम थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी जागची हलले नव्हते.

आईने गुंजीला बसवले, पुन्हा उचलले. मग बाबांच्या हातात दिली आणि माझे हँडल खाली दाबून बघितले. दहा किलो पितळ पोटाशी धरून मी अशी घट्ट उभी होते की तिला जोर लावावा लागला.

"नऊ वर्षं मी काट्यांना हेच शिकवतेय," आई हळूच म्हणाली, "की वजन कुठेही ठेवा, फरक पडता कामा नये. आणि इथे सगळा फरक जागेचाच आहे!"

बाबांनी गुंजीला एका हातावर घेतले आणि दुसऱ्या हाताने वीत टाकून माझ्या नळ्या मोजायला लागले. "सव्वादोन विती लांब," ते स्वतःशीच म्हणाले. "कड्या सहा लागतील."

"मग बदलायची ना?" दुकानदाराने विचारले.

"नाही," आई म्हणाली. "हिचा काही दोष नाही."

माझा जीव भांड्यात पडला. एवढी साधी चार शब्दांची गोष्ट, पण आयुष्यात मला कोणी इतके चांगले काही बोललेले नाही.

बाबांनी झोळी शिवली ती ट्रकच्या ताडपत्रीची. हिरवीगार, दुहेरी, कोपऱ्यांना सात-सात टाके आणि कडेला पितळी कड्या. पट्ट्यांनी ती माझ्या चारही नळ्यांना बांधली. दिसायला मला ती मुळीच आवडली नाही. निळ्या अंगाला हिरवे पोट! पण पाच किलोचे वजन तिच्यात अलगद बसले, तेव्हा मी दिसण्याचा विचार सोडून दिला.

शनिवारी मास्तर आले. हात पाठीमागे, काखेत छत्री, चेहरा बंद दुकानासारखा. तीन दुकाने उरली होती. पहिल्या दुकानात आईचे काम झाले तेव्हा ते म्हणाले, "बाळ उचला."

आईने गुंजीला उचलले. मी उभी.

"पुन्हा."

पुन्हा उचलले. मी उभीच. तिसऱ्यांदा उचलल्यावर गुंजीला तो खेळ वाटून ती खिदळायला लागली. मास्तरांनी आपली छत्री माझ्या हँडलला अडकवली, दोन पावले मागे सरून बघितले आणि छत्री परत घेतली. दुसरे दुकानही तसेच झाले. आईने माझे हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

शेवटचे दुकान लोकरवाल्या मावशींचे. तिथे लोकरीच्या लडी वजनावर विकत. काटा जुना, आणि एका कोपऱ्यात चार ग्रॅम जास्त दाखवत होता. आईने तो उघडला. आत नखाएवढे चार पेच. प्रत्येक पेच केसभर फिरवायचा, वजन ठेवून बघायचे, पुन्हा फिरवायचा. मध्येच सोडले तर सगळे पहिल्यापासून. आईने तीन कोपरे जुळवले, आणि गुंजी उठली. तिची झोप अर्धवट झाली होती. ती आधी कण्हली आणि मग तिने दुकान डोक्यावर घेतले.

आईचे हात थांबले. एका हातात पेचकस, दुसरा हात काट्याच्या आत. ती एकदा गुंजीकडे बघे, एकदा मास्तरांकडे. नेमके हेच तर मास्तर महिन्यापूर्वी म्हणाले होते. वजने की मूल? तिचे डोळे भरून आले.

मावशी लडी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "अहो मास्तर, नुसते उभे काय? गाडी फिरवून आणा की."

"मी?" मास्तर दचकले. "मला नाही येत."

"एवढे मोठे काटे उघडता, आणि गाडी ढकलता येत नाही?"

"कधी ढकललीच नाही. आमच्या मुलीच्या वेळेस मी कारखान्यातच असायचो."

"मग आता ढकला. तिला काय कळतंय तुम्ही नवशिके आहात ते?"

मास्तरांनी माझे हँडल दोन बोटांनी धरले, जणू मी काचेच्या पेटीतला तराजू आहे. आम्ही फुटपाथवर आलो. ते ताठ, मी वाकड्या चाकाची आणि गुंजी गळा काढून रडणारी. दहा पावलांवर ते थांबले, उकिडवे बसले आणि माझे पुढचे चाक फिरवून बघू लागले. "डावीकडे ओढतंय," ते म्हणाले. खिशातून पकड काढून त्यांनी आस सरळ केला, पेच आवळला. त्या दिवसापासून ते चाक किरकिरते, पण सरळ चालते.

मग आम्ही पुन्हा निघालो. गुंजीचे रडे थांबेना, आणि मास्तरांना अंगाई येत नव्हती. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि त्यांना जे पाठ होते ते म्हणायला लागले. "पाच, दोन, दोन, एक. पाचशे, दोनशे, दोनशे, शंभर. पन्नास, वीस, वीस, दहा." वजनांची ती ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. चौथ्या फेरीला दोन बोटांच्या जागी पूर्ण मूठ आली. सहाव्या फेरीला आवाज मऊ झाला. आठव्या फेरीला गुंजी झोपली, तरी ते थांबले नाहीत.

आई धावत बाहेर आली. "झालं! चारही कोपरे..."

"शू," मास्तर म्हणाले. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."

आईने आवाज खाली आणला. "मास्तर, मग फेरी?"

"फेरी काय? सोमवारी नेहमीच्या वेळेला निघा," ते कुजबुजले, आणि मला आणखी एकदा कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले.

त्यानंतर पावणेतीन वर्षे मी बाजारात फिरले. सगळे मला ओळखू लागले. गुंजी बसू लागली तेव्हा माझी सीट उभी झाली. ती चालू लागली तेव्हा ती मला ढकलायची आणि आत तिची बाहुली बसायची. मी बटाटे वाहिले, बाबांच्या दोऱ्याची रिळे वाहिली, एकदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे शिलाई यंत्र वाहिले. मग गुंजी शाळेत जाऊ लागली आणि मला बाल्कनीत ठेवले गेले. आधी माझ्यावर टॉवेल वाळत घातले. मग कुंड्या आल्या. मग कोणी माझ्याकडे बघेनासे झाले. चार वर्षे मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. रागावले होते का? हो, रागावले होते. ज्यांच्यासाठी चार-चार मजले चढउतार केली त्यांना माझ्यावरची धूळ दिसू नये, याचे वाईट वाटतेच.

गेल्या महिन्यात दाराची घंटी वाजली. मास्तर होते. आता निवृत्त झालेले, चार मजले चढून धापा टाकणारे. त्यांच्या मुलीला बाळ झाले होते. आईने त्यांना बसवले, पाणी दिले, बाळाचे वजन किती ते विचारले.

"दोन किलो आठशे," मास्तर म्हणाले. मग जरा चाचरत म्हणाले, "तुमची ती जुनी गाडी आहे का अजून?"

"अहो, बाल्कनीत आहे, पण पार खराब झालीये. तुमच्या मुलीला नवी घ्या ना. मी येते निवडायला, सगळ्या तोलून बघू."

"तोलल्या. अकरा तोलल्या. तिच्याहूनही हलक्या मिळतात आता."

"मग?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "पण मला ढकलता येते ती एवढीच."

आई उठली, बाल्कनीत आली, माझ्यावरच्या कुंड्या उतरवल्या आणि पदराने माझे हँडल पुसू लागली. ती बराच वेळ पुसत होती.

आता मी मास्तरांकडे असते. माझे छत धुतले आहे, झोळीच्या दोन कड्या बाबांनी बदलून दिल्या आहेत. रोज सकाळी त्यांची मुलगी कामावर गेली की आम्ही तिघे निघतो. मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येणार असेल आणि गाडी घ्यायची असेल तर ती तोलून घ्या, जिने मोजा, बाळ उचलण्याआधी हँडलवरची पिशवी काढा. ती जुनी झाली तर तिच्यावर कुंड्या ठेवू नका, वर्षातून एकदा तेल द्या. आणि घरात कोणी दाराशी हात पाठीमागे बांधून उभे असेल, मला नाही येत म्हणत असेल, तर त्यांच्या हातात एकदा गाडी देऊन बघा. आमच्या मास्तरांना स्वतःच्या मुलीच्या वेळी कोणी दिली नव्हती.